बटण दाबल्यावर कोण उठतं

यंत्र चाललं, तर हालकुडे सरांना दोन वर्षं मिळणार होती. नाही चाललं, तर आतार मॅडमना नोकरी. अख्ख्या कॉलेजात हा हिशेब मला एकटीलाच पक्का ठाऊक होता, कारण सरांचा मुदतवाढीचा अर्ज आणि मॅडमचा कायम नेमणुकीचा अर्ज माझ्याच ट्रेमध्ये एकावर एक पडून होते. भौतिकशास्त्राची जागा एक. सर उठले तर मॅडम बसणार. सर बसून राहिले तर मॅडमनी तासिका तत्त्वावर, म्हणजे शिकवला तास तेवढाच पगार घेत, एस.टी.च्या मागे धावत तीन गावची तीन कॉलेजं करत राहायचं. सही करणार होते संस्थेचे अध्यक्ष धोंडीराम भुसनर, ज्यांना जिल्हा तात्या म्हणतो. आणि तात्या त्याच दिवशी उद्घाटनाला येणार होते.

मी तिथली कार्यालयीन अधीक्षक. माहेरची सोनार. समोर माणूस आला की आधी कसोटीवर घासून बघायचं, मग या-बसा म्हणायचं, हे वळण घरातूनच आलेलं. हालकुडे सर मी कधीच घासून ठेवले होते. विभागप्रमुख तेच, प्रभारी प्राचार्य तेच, स्नेहसंमेलनात दीपप्रज्वलनाची मेणबत्ती पाहुण्याच्या हातात देणारेही तेच. शिकवायला चांगले होते, ते नाकारत नाही. बादलीभर पाणी आणि आरसा घेऊन ते वर्गात इंद्रधनुष्य पाडायचे. पण खुर्ची दिसली की त्यांचा पाय आपोआप तिकडे वळायचा.

विज्ञान दिनाची सकाळ होती. प्रयोगशाळेत आम्ही चौघं: सर, आतार मॅडम, लिंबाजी शिपाई आणि मी. फुलांचं बिल कुणाच्या नावे टाकायचं हे विचारायला मी गेले होते.

"मॅडम, यंत्र बंद करा," सर म्हणाले.

यास्मिन आतारनी मान वर केली. यंत्र म्हणजे एक जुना कॉम्प्युटर. बाजूच्या गच्चीवर तिने पत्र्याचा एक दांडगा भोंगा बसवला होता, धान्याच्या कोठ्या करणाऱ्याकडून वाकवून घेतलेला. सभेतला भोंगा बोलतो, हा ऐकायचा. त्याच्या निमुळत्या टोकातून एक वायर आत यायची आणि बोटाएवढ्या डोंगलमधून कॉम्प्युटरला जोडली जायची. कॉम्प्युटरवर टीव्ही दिसावा म्हणून बाजारात विकतात, तसला स्वस्तातला डोंगल. त्यातून ती आकाशगंगेतला हायड्रोजन ऐकते, असं ती म्हणायची. महिनाभर ते यंत्र रात्रंदिवस चालूच होतं.

"सर, चालू राहू द्या ना. तात्यांनी नुसती फीत कापली तरी..."

"चालू वस्तूचं उद्घाटन कसं करणार? नळाच्या उद्घाटनाला नळ आधीच वाहत असेल, तर पाहुण्याने काय करायचं? हात धुवायचे? तात्या बटण दाबणार, मग ते सुरू होणार. पत्रिकेत तसंच छापलंय."

यात खोट काढायला जागा नव्हती. आमच्याकडे बोअरवेलपासून बालवाडीपर्यंत सगळं पाहुण्याच्या बोटानेच सुरू होतं.

"मग मला आधी एक ओळ लिहावी लागेल," ती म्हणाली. "दहा मिनिटं द्या. सुरू होताना काही मोड्यूल आपोआप उठतात, त्यातलं एक..."

"काल चाललं का नाही?"

"चाललं."

"मग झालं. चाललेल्या यंत्रात उद्घाटनाच्या तोंडावर बोट घालायचं नसतं. लग्नाच्या दिवशी नवरीचं ऑपरेशन करतात का कुणी? लिंबाजी, फीत बांध. आता तात्यांच्या आधी याला कुणी हात लावायचा नाही. मॅडमनीसुद्धा नाही."

यास्मिनने यंत्र रीतसर बंद केलं. पंख्याची घरघर थांबली, आणि खोलीत इतके दिवस एक आवाज राहत होता हे तेव्हा मला कळलं. लिंबाजीने कॉम्प्युटरच्या डब्याला कुंकू लावलं, पडद्याला हार घातला, लाल फीत आडवी ताणली आणि देवळापुढच्या द्वारपालासारखा उभा राहिला.

कार्यक्रम साडेदहाचा होता. साडेदहाला मुलं बसली, माईक घसा साफ करून घेऊ लागला आणि तात्या निघाले आहेत असा फोन आला. बऱ्याच वेळाने पुन्हा फोन आला, तेव्हाही ते निघालेच होते.

मी मागच्या रांगेत यास्मिनशेजारी बसले. तिला स्टेजवर जागा नव्हती. तिच्याकडे गुच्छ द्यायचं काम होतं, आणि गुच्छ उन्हाने माना टाकत होता.

"कसली ओळ गं ती?" मी विचारलं.

"कशाला डोक्याला ताप करून घेता, ताई?"

"इथं नुसतंच बसलेय. ताप तरी होऊ दे."

तिने गुच्छ मांडीवर ठेवला. "यंत्रात लिनक्स आहे. त्याचा गाभा म्हणजे कर्नल. तो यंत्राचा कारभारी समजा. सकाळी उठला की दारात जे जे जोडलेलं असेल त्याला विचारतो, तू कोण? डोंगल सांगतो, मी टीव्ही. त्याचं बिचाऱ्याचं जन्मनाव तेच. मग कारभारी टीव्हीच्या मोड्यूलला, म्हणजे टीव्ही सांभाळणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमला, उठवतो, बाबा, तुझा माणूस आलाय. ते उठतं आणि डोंगल धरून बसतं. नंतर माझा प्रोग्रॅम आला की त्याला हातच लावता येत नाही."

"मग महिनाभर कसं चाललं?"

"पहिल्या दिवशी मी त्याला हाताने बाजूला केलं होतं. त्यानंतर यंत्र बंदच केलं नाही. कायमचं थांबवायचं तर लिहून ठेवावं लागतं, याला सुरुवातीला उठवू नकोस म्हणून. बंदच करायचं नव्हतं, तर लिहायचं कशाला, असं झालं."

"म्हणजे आता तात्यांनी बटण दाबलं की..."

"ते उठणार."

"आणि?"

"काही दिसणार नाही."

मी पुढे बघितलं. स्टेजवर हालकुडे सर शालींच्या घड्या सरळ करत होते. माझ्या डोक्यात ट्रेमधले दोन्ही अर्ज आपसूक खालीवर झाले.

"यास्मिन," मी म्हटलं, "तू सांगायचं ते सांगितलंस. ऐकायला मी होते, लिंबाजी होता. फीत त्यांची, हट्ट त्यांचा. आता तू खुर्चीवरून उठायचं नाहीस."

तिने माझ्याकडे पाहिलं. ती काही दुधखुळी नव्हती. जागा एक आहे हे तिलाही दिसत होतं. "ताई, तुम्ही मला जागेचं सांगताय."

"मी काही सांगत नाही. मी नुसती बेरीज करते."

ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग खिडकीकडे बघून म्हणाली, "हंस गेला."

"कुठला?"

"हंस तारकासमूह. आकाशगंगेचा सगळ्यात दाट भाग साडेदहाला डोक्यावर होता. आता सरकला. भोंगा अजून उत्तरेला कलवावा लागेल, शर्मिष्ठेच्या बाजूला. पण तिकडे पाण्याची टाकी आहे. फार खाली गेलं की टाकी आड येते." ती उठली, गच्चीवर गेली, दोन मुलांना हाताशी घेऊन तो भोंगा कलवून आली, आणि आकाश सरकेल तसा तो कलवत राहायला त्या मुलांना तिथेच ठेवलं. फीत यंत्राला होती, भोंग्याला नव्हती.

मी वर बघितलं. ऊन, एक घार, बाकी आकाश धुतल्या परातीसारखं. आकाशगंगा म्हणे वर होती. म्हटलं, असेल.

साडेबाराला तात्यांची गाडी आली. सत्कार झाले. शाल, श्रीफळ, पुन्हा शाल. यास्मिनने गुच्छ दिला, तात्यांनी तो न बघताच मागे सरकवला. सरांचं भाषण झालं. त्यात 'मी' किती वेळा आला ते मोजायचा मोह मी आवरला. मग सगळी वरात प्रयोगशाळेत आली. जागा पुरेना, मुलं दारात, खिडक्यांत. यंत्राचा पडदा भिंतीवर मोठा दिसावा म्हणून प्रोजेक्टर लावला होता.

तात्यांनी फीत कापली. नारळ फुटला. तात्यांनी बटणावर बोट ठेवलं, फोटोवाल्याने "एक मिनिट तात्या, असंच," म्हटलं, तात्या तसेच राहिले, मग दाबलं. टाळ्या झाल्या, तात्या खुर्चीत बसले. घरघर सुरू झाली. यास्मिनने सकाळी हातात दिलेल्या चिठ्ठीप्रमाणे सरांनी दोन ठिकाणी क्लिक केलं.

भिंतीवर इंग्रजीत दोन ओळी उमटल्या. वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात आहे, अशा अर्थाच्या.

सरांनी पुन्हा क्लिक केलं. तेच. पुन्हा. तेच.

"हालकुडे," तात्या म्हणाले, "काय म्हनतंय हे?"

"सर्व्हर डाऊन आहे, तात्या."

"सर्व्हर कुठंय त्याचा?"

सरांनी छताकडे बोट केलं. दारातली मुलं हसली. तात्या हसले नाहीत. त्यांनी घड्याळ बघितलं. "मला पुढं साखरपुड्याला जायचंय. चहा घेऊन टाकू. आभाळ काय पळून जात नाही." ते खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठू लागले. सरांच्या कपाळावर घाम होता आणि हातात पडद्यावरून काढलेला हार. कुठे ठेवावा हे त्यांना कळत नव्हतं.

हिशेब माझ्या मनासारखा पुरा झाला होता, खाली रेघ मारायची तेवढी बाकी. मी शेजारच्या स्टुलाकडे बघितलं. यास्मिन बसलेली होती. शाबास, म्हटलं. तिची नजर खिडकीबाहेर होती. भोंगा उत्तरेला मान कलवून उभा होता, आणि त्याच्या तोंडापासून थोड्याच अंतरावर टाकीची कड.

आणि ती उठली.

"तात्या, थोडं बसा," ती म्हणाली. आवाज वर्गातला. "यंत्र चांगलं आहे. ज्याचं काम नाही ते आधी उठलंय."

तात्या अर्धे उठलेले होते, तसेच थांबले. "कोन उठलंय?"

"टीव्हीचं मोड्यूल." मला सांगितलं होतं तेच तिने तात्यांना सांगितलं. कारभारी, दार, तू कोण, मी टीव्ही.

तात्या खाली बसले. "म्हंजे आमच्या सभेसारखंच की. ज्याला बोलायचं न्हाई तोच आधी माईक धरून बसतो."

"तसंच."

"मग हाकलून द्या त्याला. लय खोडसाळ दिसतंय."

"खोडसाळ नाही, तात्या," ती खुर्ची ओढून बसत म्हणाली. "त्याचं काम ते नीट करतं. टीव्ही बघायचा असता तर त्याच्यावाचून अडलं असतं. पण इथं त्याचं काम नाही, आणि ते धरून बसलं की दुसऱ्याला हात लावता येत नाही. स्वतः काही ऐकत नाही, दुसऱ्याला ऐकू देत नाही. एवढंच."

सर तिच्या खुर्चीमागे हार घेऊन उभे होते.

"मग?"

"काढून टाकायचं नाही. राहू दे डिस्कवर, त्याच्या जागी. सुरुवातीला त्याला उठवू नकोस, एवढं कारभाऱ्याला लिहून द्यायचं. आत्तापुरतं मी त्याला हातानेही बाजूला करू शकते. लगेच दिसेल."

"तसं नको," तात्या म्हणाले. "मी बटन दाबलं आन् बंद पडलं, ह्ये माझ्या नावावर नको. लिहा काय लिहायचं ते. मी पुन्हा दाबतो."

तिने पडद्यावर हुकूम लिहायची काळी खिडकी उघडली आणि लिहायला लागली. भिंतीवर तिची अक्षरं एकेक उमटत होती. एक ओळ टीव्हीसाठी, मग आणखी दोन-तीन. "ही ब्लूटूथची, ही कॅमेऱ्याची," लिहिता लिहिता ती सांगत होती. "यंत्राला कॅमेरा नाही, तरी त्याचे लोक रोज उठून बसतात."

"आमच्या पंचायत समितीत बी हायेत तसले," तात्या म्हणाले. मग त्यांनी डोळे बारीक केले. तात्यांचे डोळे बारीक झाले की कुणाची तरी बदली व्हायची. "पन मला सांगा बाई, एवढी एकच ओळ हुती, तर सकाळी का न्हाई लिहिली?"

लिंबाजीने फितीचा तुकडा मुठीत घट्ट धरला. सर भिंतीकडे बघत होते. मी म्हटलं, बाई गं, आता तरी खरं बोल. खोटं बोलायचं नाही, कुणाचं वाईट करायचं नाही, नुसतं झालं ते सांगायचं, आणि जागा तुझी.

यास्मिनचे हात कीबोर्डवर थांबले.

"राहून गेलं, तात्या," ती म्हणाली. "माझ्याकडून."

तिने यंत्र बंद केलं. तात्यांनी दुसऱ्यांदा बोट ठेवलं. या वेळी फोटोवाला काही बोलला नाही.

काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी वरून खाली धावल्या. कोण कोण उठत होतं देव जाणे. यास्मिन ओठ न हलवता वाचत होती, लग्नात कुणाकुणाचा आहेर आला ते घरची बाई बघते तसं. ओळी थांबल्या. तिने क्लिक केलं. इंग्रजी तक्रार आली नाही. भिंतीवर एक आडवी रेघ आली, थरथरणारी, पावसात भिजलेल्या दोरीवर मुंग्या चालाव्यात तशी.

"हीच का?" तात्या.

"ही नुसती खरखर. थांबा. यंत्र ती एकावर एक रचत जातं. खरखर खरखरीला खाऊन टाकते. जे खरं असतं ते राहतं."

आम्ही थांबलो. पंखा फिरत होता, बाहेर ऊन होतं, कुणाचा तरी चहा थंड होत होता. रेघ हळूहळू शांत होत गेली. आणि मधोमध ती वर यायला लागली. आधी मला भास वाटला. मग तो उंचवटा झाला, मग टेकडी. कुणी काढत नव्हतं, कुणी ढकलत नव्हतं. पीठ मळून झाकून ठेवावं आणि ते आपलं आपण फुगावं, तशी ती टेकडी वर आली.

दारातल्या मुलांचा आवाज बंद झाला. मी त्या कॉलेजात इतकी वर्षं काढली, पण मुलं सांगितल्याशिवाय गप्प झालेली तेव्हाच पाहिली.

"हा हायड्रोजन," यास्मिन म्हणाली. आवाज खाली आला होता. "आकाशगंगेतला. आत्ता, या घटकेला, भोंग्यात पडतोय तो."

"दिवसा?" तात्या म्हणाले. "दिवसा बी असतं ह्ये वर?"

"असतंच, तात्या. उन्हामुळे डोळ्याला दिसत नाही. भोंग्याला उन्हाचं काही नाही."

तात्यांनी डोक्यावरचा पटका काढून मांडीवर ठेवला. "पोरपनी मेंढरांमागं रानात झोपायचो. वर ह्ये आसं पांढरं पसरल्यालं असायचं. सकाळ झाली की वाटायचं, गेलं."

तेवढ्यात टेकडीच्या डाव्या अंगाला आणखी काही तरी उचललं गेलं. ठेंगणं, रुंद. पहिल्या टेकडीच्या मागून कुणी तरी डोकं वर काढत होतं.

सर पुढे आले. हार अजून त्यांच्या हातात होता. ते भिंतीच्या इतके जवळ गेले की त्यांच्या शर्टावर ती रेघ पडली.

"एकवीस सेंटिमीटर. हायड्रोजनच्या लहरीची लांबी," ते म्हणाले.

"हो सर."

"मी ही रेषा दरवर्षी फळ्यावर काढतो." ते कुणाला सांगत होते कळेना. "पुस्तकात आहे तशी. एकच टेकडी काढायचो."

"एक जवळची आहे सर. ही दुसरी लांबची, आकाशगंगेच्या पलीकडच्या फाट्यातली. तिला वर यायला वेळ लागतो."

"काल हे दिसत होतं?"

"महिनाभर दिसतंय, सर."

सरांनी मान डोलावली. काल ते कमान बांधून घेत होते. परवा पत्रिका तपासत होते.

"ती लांबची कधी निघालीय?" तात्यांनी विचारलं.

"आठ-दहा हजार वर्षं झाली असतील."

"आन् मला दोन तास उशीर झाला तर तुमी तोंडं वाकडी केली."

सगळे हसले, पण हळू, देवळात हसावं तसं. मी भिंतीकडे बघत होते. सोनाराची लेक मी, मला गुंज-मासा कळतो, तोळ्यात माणूस कळतो. माझ्याकडच्या सगळ्या वजनांत त्या दुसऱ्या टेकडीपुढे टाकायला एकही वजन नव्हतं. माणूस शेतीला लागला-न लागला तेव्हा निघालेलं काही तरी पत्र्याच्या भोंग्यात येऊन पडलं होतं, आणि थोडक्यासाठी आमचं दार बंद असलेलं बघून परत गेलं असतं.

मग रेघ हलली, टेकड्या बुडाल्या आणि खरखर एकदम भिंतभर उसळली. "टाकी," यास्मिन म्हणाली. "संपलं."

आभार मानायचं काम सरांकडे होतं. ते विसरले. तात्या पटका बांधत उठले आणि दारातून मोठ्याने म्हणाले, "हालकुडे, झकास जमवलंत. सांजच्याला गेस्टहाउसवर तुमचा कागद पाठवा. दोन वर्षं काय, मागाल तेवढी घ्या."

यास्मिनने ते ऐकलं. ती वायर गुंडाळत होती.

सगळे चहाकडे गेल्यावर मी तिला गाठलं. "गप्प बसली असतीस तर काय झालं असतं गं? तुझ्या आकाशगंगेला उद्या पुन्हा यायचंच होतं."

"उद्या तात्या नसते, सर नसते, ती पोरं नसती."

"आणि ते 'माझ्याकडून'? त्याची काय गरज होती?"

ती थोडी हसली. "ताई, एवढ्या लांबून येऊन कुणी दारात उभं आहे. आतली माणसं भांडतायत, कडी कुणी लावली म्हणून. मी म्हटलं, माझ्याकडून लागली, पण आधी उघडा." मग वायर पिशवीत टाकत म्हणाली, "चला, माझी शेवटची गाडी आहे."

मी ऑफिसात येऊन बसले. सरांचा अर्ज वर घेतला, टिपण लावलं, सहीच्या जागी पेन्सिलीने फुली केली. तेवढ्यात सर आले. पुढच्या खुर्चीत बसतील म्हणून मी ती सरकवली. ते उभेच राहिले.

"कुलथे मॅडम, माझा तो अर्ज."

"पाठवतेच आहे, सर. लिंबाजी निघालाय गेस्टहाउसला."

"इकडे द्या."

"काही दुरुस्ती?"

"नाही."

मी दिला. त्यांनी तो उभ्या उभ्या वाचला, पहिल्यांदाच वाचत असल्यासारखा. मग दोन घड्या घातल्या.

"मॅडम," ते म्हणाले, "ते टीव्हीचं मोड्यूल. त्या काय म्हणाल्या हो? वाईट नाही म्हणाल्या ना?"

"नाही म्हणाल्या. आपलं काम नीट करतं म्हणाल्या."

"तेवढं बरं." त्यांनी अर्ज खिशात टाकला. दारापर्यंत गेले आणि वळले. "त्यांना यातलं काही सांगायचं नाही. तात्यांनाही नाही. विचारलं तर सांगा, तब्येत बरी नसते."

ट्रेमध्ये एकच अर्ज उरला. लिंबाजीबरोबर तोच गेला. तात्यांनी साखरपुड्याहून येऊन रात्रीच्या जेवणाआधी त्यावर सही केली. वाचला नसावा. माझ्याकडून गेलेलं त्यांनी कधीच वाचलं नव्हतं.

जूनमध्ये सर निवृत्त झाले. दरवर्षी विज्ञान दिनाला ते यायचे आणि मागच्या रांगेत बसायचे. स्टेजवर बोलावलं तर हात हलवून नको म्हणायचे. यंत्र अजून तेच आहे, डबा बदललाय. भोंग्यासाठी टाकीपासून लांब नवा चौथरा झालाय. यास्मिनने एकदा मला विचारलं होतं, "ताई, सरांना मुदतवाढ का मिळाली नाही हो? तात्या तर खूश होते." मी म्हटलं, तब्येत. ती म्हणाली, "दिसत तर ठणठणीत होते." मी फाईल शोधायला लागले.

शेवटी आकडे जुळवायची माझी खोड जात नाही. नारळ, हार आणि शाली कॉलेजने भरल्या. चहा विभागाने. तात्यांना पेपरात फोटो मिळाला आणि त्यांचं काहीच गेलं नाही. आभाळातून जे आलं ते फुकट आलं. राहिला दाराच्या कडीचा खर्च. तो आधी यास्मिनने आपल्या अंगावर घेतला होता. संध्याकाळी माझ्या टेबलाशी उभं राहून तो हालकुडे सरांनी भरून टाकला, आणि पावती मागितली नाही.